टाकाऊ बाजूला फुली

कोणत्याही पृष्ठभागाला रोगण देण्यापूर्वी पहिला प्रश्न रंगाचा नसतो. त्या पृष्ठभागाला पुढे काय काय सोसायचे आहे, हा पहिला प्रश्न असतो. म्हैसूरच्या टेक्निकल कॉलेजात आम्हांला वर्कशॉप शिकवणारे मास्तर हा प्रश्न फळ्यावर लिहून वर्गाबाहेर निघून जात. परत आल्यावर ज्याच्या उत्तरात पहिल्या ओळीत एखाद्या रंगाचे नाव दिसेल, त्याला ते तास संपेपर्यंत उभे करत. एका तासाला कृष्णमूर्ती आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. मी ‘राखाडी’ लिहिले होते आणि त्याने माझे पाहून ‘राखाडी’ लिहिले होते. आमची ओळख तेथून सुरू झाली.

तो चामराजपुरमच्या देशस्थ ब्राह्मणांतला. मी नजरबादचा; दोन्ही म्हैसूरच्याच वस्त्या. आमचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार होते. पुढच्या पिढ्यांना घोडा दिसला तो फक्त दसऱ्याच्या मिरवणुकीत. दोघांच्याही घरी मराठी, आणि दोघांचीही मराठी कानडीत भिजलेली. तो मला ‘सुभेदार’ म्हणे, मी त्याला ‘किट्टी’. एकाहत्तर साली दोघांनी डिप्लोमा घेतला. तो रेल्वेत गेला. मी बऱ्याच ठिकाणी काम करून शेवटी हेब्बाळच्या एका कारखान्यातून टूलरूमचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर आम्ही त्याच्या घरामागच्या शेडमध्ये शनिवारचा वर्ग सुरू केला. पूर्वी तेथे त्याच्या वडिलांच्या गाई असत. गॅरेजात पोऱ्या म्हणून काम करणारे, शिवणाच्या कारखान्यात मशीन बिघडले की मेकॅनिकची वाट पाहत बसणाऱ्या बायका, परीक्षेत नापास झालेले आणि आता काय करावे हे न कळणारे, असे कोणीही येत. कानस कशी धरावी येथपासून आम्ही शिकवत असू. प्रमाणपत्र काही मिळत नसे, तरी लोक येत. पुढे त्यांतले काही चांगल्या ठिकाणी लागले आणि दिवाळीला पेढे घेऊन येऊ लागले.

शेडच्या मधोमध आमचा बेंच होता. त्याच्या होन्नेच्या जाड फळ्या मी एच. डी. कोट्याहून निवडून आणल्या होत्या. महाराष्ट्रात या लाकडाला बिबळा म्हणतात. शेड त्याची, फळ्या माझ्या, मेहनत दोघांची. एका टोकाला मोठा व्हाइस, म्हणजे काम जबड्यात घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी शिकंजा, बसवलेला होता. बेंच कोणाचा, हा प्रश्न कधी निघाला नाही. निघण्याचे कारणही नव्हते.

मग कृष्णमूर्तीच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि वर्ग बंद पडला. शेडची कौले सरकली, दोन पावसाळे पाणी गळले, बेंचवरचे जुने व्हार्निश पापुद्र्यांनी सुटून आले. या काळात माझे काय झाले, हे थोडक्यात सांगतो. निवृत्त माणसाला आठवड्याचे सहा दिवस कसेही काढता येतात, पण सातवा कशासाठी तरी राखलेला असावा लागतो. शनिवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होत असे आणि मग कोठे जायचे ते न सुचल्याने बाजारातून भाजी आणत असे. आमच्या घरी शनिवारी फार भाजी साठू लागली, तेव्हा माझ्या पत्नीने, शकुंतलाबाईंनी, मला एकदा हळूच विचारले की, तुम्ही दोघे तो वर्ग पुन्हा का सुरू करत नाही.

त्याच सुमारास, आषाढात, मला एका पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांचा फोन आला. त्यांना शनिवारी वर्कशॉपचा वर्ग घेणारा अनुभवी माणूस हवा होता. जागा होती, वीज होती. आमचा बेंच आणि व्हाइस तेथे आणून बसवायलाही ते तयार होते. मी दुसऱ्याच दिवशी चामराजपुरमला गेलो. कृष्णमूर्तीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, की आपली शेड असताना दुसऱ्याच्या दारी कशाला जायचे. कौले तो दुरुस्त करून घेणार होता. दसऱ्यात आयुधपूजेला बेंचवर अवजारे मांडायची आणि विजयादशमीला पहिला तास घ्यायचा. “त्यांना नको म्हण,” तो म्हणाला, “आणि बेंचला रोगण कुठलं द्यायचं ते तू ठरव. ह्या वेळी असं दे, की आपल्यामागंही टिकलं पाहिजे.”

मी प्राचार्यांना नकार कळवला. त्यांनी आठवडाभर विचार करण्यास सांगितले. मी म्हणालो, विचार झालेला आहे.

त्यानंतरचा महिना फार चांगला गेला, हे मला येथे मान्य केले पाहिजे. बेंच तयार करताना त्याच फळ्यांचे जे तुकडे उरले होते, ते मी जपून ठेवले होते. ते रंध्याने सारखे केले, सँडपेपरने घासले आणि प्रत्येकाला वेगळे रोगण दिले. एकाला लाखेचे पॉलिश, एकाला एनॅमल, म्हणजे लोक ज्याला ऑइलपेंट म्हणतात ते; एकाला मेलामाइन, एकाला हार्डनर घालून वापरायचे दोन डब्यांचे पॉलियुरेथेन, आणि एकाला उकळलेले जवसाचे तेल. सगळी पुटे पूर्ण सुकू दिली. मग वर्कशॉपच्या बेंचला जे जे सोसावे लागते, ते सर्व क्रमाने त्यांच्यावर घातले: रॉकेल, ग्रीस, ब्रेक ऑइल, तापलेला बोल्ट, हातोड्याचा घाव आणि लोखंडाच्या किसावरून ओढलेली जड पेटी.

लाखेवर तापलेला बोल्ट ठेवताच पांढरे वर्तुळ उठले. एनॅमलला ब्रेक ऑइलने सुरकुत्या आणल्या. मेलामाइन हातोड्याखाली काचेसारखे तडकले. पॉलियुरेथेन सर्वांत चिवट. तेल, रॉकेल, उष्णता, काहीही त्याच्या आत जाईना. पण हातोड्याची कड जेथे खोल बसली, तेथे त्याचा पापुद्रा सुटला, आणि तेवढीच जागा नीट करता येईना. करायचे तर सगळा पृष्ठभाग खरवडावा लागणार. जवसाचे तेल प्यायलेला तुकडा दिसायला सर्वांत गरीब. त्याने डाग घेतले, तो काळवंडला. परंतु घाव पडला तेथे सँडपेपर फिरवून चिंधीने पुन्हा तेल चोळले, की घाव कोठे होता ते शोधावे लागे. वर्कशॉपमध्ये बेंचवर घाव पडणारच. म्हणून जे मोडले तेथल्या तेथे नीट करता येते, तेच तेथे टिकाऊ. वरच्या फळ्यांना जवसाचे तेल आणि पायांना एनॅमल, असा निष्कर्ष मी काढला.

कृष्णमूर्ती आमच्या घरी आला, तेव्हा मी सगळे तुकडे पडवीत ओळीने मांडून त्याला दाखवले. त्याने प्रत्येकावर नख ओढून पाहिले. पॉलियुरेथेनचा तुकडा हातातून खाली ठेवेना.

“तेल प्यायलेलं लाकूड डाग घेतं म्हणतोस,” तो म्हणाला.

“घेऊ दे की. बेंच आहे, देव्हारा नव्हे.”

“तरी पण सुम्ने, उगीच आपलं, एक बघ. हळद, चिंचेचं पाणी आणि कॉफीचा गरम डबरा.”

डबरा म्हणजे आमच्याकडची कॉफी प्यायची पितळी वाटी. मला हसू आले. “किट्टी, व्हाइसमध्ये काय सारू-भात पकडणार आहेस?”

“म्हातारपणी काय पण पकडावं लागतं, सुभेदार.” मग तो म्हणाला, “मुलं डबे आणतात रे. सांडतात.”

हे मला पटले. पावसाच्या दिवसांत वर्गातले लोक बेंचभोवतीच डबे उघडत, आणि त्याची पत्नी अंबुजा मोठ्या पातेल्यात पुळियोगरे पाठवत असे, म्हणजे तो चिंचेचा भात, जो मंदिरात प्रसाद म्हणून मिळतो. प्रत्यक्ष वापरात जे होते, ते चाचणीतून सुटता कामा नये. त्याने ते माझ्या आधी लक्षात आणून दिले, याचे मला उलट कौतुक वाटले.

मी हळद आणि चिंच मागायला स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा शकुंतलाबाईंनी विचारले, “ही परीक्षा वर्कशॉपची आहे की पंगतीची?” मी त्यांना डब्यांचे सांगितले. त्या म्हणाल्या, की इतकी वर्षे सांडत होते तेव्हा कोणाला हळदीची काळजी नव्हती. मी त्यांना समजावले, की सर्वांत वाईट परिस्थिती धरून निवड करायची असते. “बरं बाई,” त्या म्हणाल्या आणि चिंच भिजत घातली.

या चाचणीत जवसाच्या तेलाचा पाडाव झाला, आणि पॉलियुरेथेनवरून सगळे ओल्या फडक्याने पुसले गेले. मी हे फोनवर कळवले, तेव्हा कृष्णमूर्ती मनापासून आनंदला. नंतर त्याचे दोन-तीन फोन आले. वास किती दिवस राहतो, असे एकदा विचारले. एकदा विचारले, की त्यावर अन्न ठेवले तर काही अपाय होतो का. पूर्ण सुकल्यावर होत नाही, असे मी सांगितले. एकदा तर फोटोत चकाकी मारते का, असेही विचारले. वर्ग पुन्हा सुरू होणार म्हणून वर्तमानपत्रवाल्यांना बोलावण्याचा त्याचा विचार असेल, असे मी धरून चाललो. माझा कल तरीही तेलाकडेच होता. हळदीचा डाग पडला तर पडो, हातोड्याचे घाव त्याहून महत्त्वाचे, असे मी त्याला पुन्हा सांगितले. तो म्हणाला, “तसं नको रे. डाग नको.”

तेल असो वा पॉलियुरेथेन, किती आणायचे ते ठरवण्यासाठी क्षेत्रफळ हवे होते. म्हणून मी फीत घेऊन एका दुपारी चामराजपुरमला गेलो. कृष्णमूर्ती घरी नव्हता. कोणाच्या तरी श्राद्धासाठी टी. नरसीपूरला संगमावर गेला होता. अंबुजाने दार उघडले, पण शेडची किल्ली देताना ती घुटमळली. “ते आल्यावर या की, भावजी. तुम्ही एकटे कशाला धुळीत...” मी म्हणालो, फक्त माप घ्यायचे आहे.

शेडमध्ये धूळ नव्हती. कौले नवी होती. भिंतींना पांढरा चुना दिलेला होता, आणि अवजारांच्या खुंट्या काढून त्यांची भोके बुजवलेली होती. चुना द्यायचा म्हणून काढल्या असतील, असे वाटले. बेंचवरचे जुने व्हार्निश कोणीतरी नीट खरवडले होते. मी लांबी घेतली, रुंदी घेतली. पायांचे माप घेण्यासाठी खाली वाकलो.

पायाच्या खालच्या भागावर, जमिनीपासून चार बोटे वर, पेन्सिलीची एक रेघ चारही बाजूंनी फिरलेली होती. काटकोनाचा गुण्या लावून मारलेली, सुरुवातीला शेवट अचूक मिळालेला. रेघेच्या खाली एक फुली होती.

मी बाकीचे पाय पाहिले. प्रत्येकावर तशीच रेघ आणि तशीच फुली.

येथे वाचकाला दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. लाकूड कापताना रेघेच्या ज्या बाजूचा भाग टाकून द्यायचा, त्या बाजूला फुली करायची, म्हणजे करवत रेघेच्या कोणत्या अंगाने चालवायची याची चूक होत नाही. ही मास्तरांची शिकवण. आजकाल कोणी करत नाही. त्या शेडमध्ये ती करणारे दोघेच होते, आणि त्यांतला एक मी. दुसरी गोष्ट बेंचच्या उंचीची. वर्कशॉपचा बेंच असा ठेवतात, की त्यावरच्या व्हाइसचा जबडा उभ्या माणसाच्या कोपराला मिळावा. आमचा बेंच मी स्वतः माप घेऊन तसा केला होता. तो चार बोटांनी कमी केला, तर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला येतो. बसून कानस चालवता येत नाही. बसून माणूस जेवतो.

तरीही मनाने एक पळवाट शोधली. त्याचा मुलगा व्यासराज बेंगळुरूहून आलेला होता. बापाला न सांगता त्याने काही ठरवले असेल, आणि रेघ मारताना फक्त बापाची सवय उचलली असेल. मी गुडघे टेकून व्हाइसच्या खाली हात घातला. तो ज्या बोल्टांनी फळीला जखडला होता, त्यांच्या नटांभोवती सुताच्या लडी गुंडाळलेल्या होत्या, आणि त्या ओल्या होत्या. हाताला रॉकेलचा वास आला. गंजलेला नट सोडवण्यापूर्वी त्याच्याभोवती रॉकेलात भिजवलेले सूत गुंडाळून ठेवावे, नुसते वरून ओतले तर ओघळून जाते. हे मीच कृष्णमूर्तीला दाखवले होते, कॉलेजात असताना. व्यासराजाला नट म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हते. सूत ओले होते, म्हणजे रॉकेल संगमाला निघण्यापूर्वी सकाळीच घातलेले होते.

मी शेडला कुलूप लावले आणि त्याच्या ओसरीवर जाऊन बसलो. अंबुजा कॉफी घेऊन आली. माझ्या हाताला रॉकेलचा वास येत होता. तो तिलाही आला असावा. तिने डबरा माझ्याजवळ ठेवला आणि ती लगेच आत गेली. तिलाही माहीत होते.

कृष्णमूर्ती ऊन उतरल्यावर आला. खांद्यावर ओला पंचा, हातात तीर्थाचा तांब्या. मला पाहून तो हसला, आणि मग माझ्या मांडीवरची फीत पाहून हसायचा थांबला.

“किट्टी,” मी म्हणालो, “बेंचला काय सोसायचं आहे?”

“म्हणजे?”

“मास्तरांचा पहिला प्रश्न. मला वाटतं, मी चुकीच्या गृहीतावर काम करतोय.”

त्याने तांब्या खाली ठेवला आणि पायरीवर बसला. मग त्याने सगळे सांगितले, माझ्याकडे न बघता, अंगणातल्या नळाकडे बघत. व्यासराजाची नोकरी उन्हाळ्यातच गेली होती. तो आणि त्याची बायको शेडमध्ये घरगुती जेवणाचे ठिकाण काढणार होते. केळीचे पान, आठवड्याला ठरलेला बेत, आणि मधोमध एकच लांब टेबल, ज्याभोवती सगळ्यांनी एकत्र बसायचे. अशी जुनी लाकडे हल्ली लोकांना आवडतात, असे व्यासराजाचे म्हणणे होते. बेंच पाहूनच त्याला ही कल्पना सुचली होती.

“पॉलिटेक्निकचं आलं, तेव्हा हे ठरलेलं होतं?”

त्याने खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर घेतला. मग म्हणाला, “होतं.”

“मग मला ‘जा’ का नाही म्हणालास?”

“तू बेंच घेऊन गेला असतास.”

“मागितला असतास तर दिला असता.”

“गोत्तु, मारया. माहीत आहे मला.” त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. “दिला असतास, आणि वर व्यासराजाला आशीर्वाद दिला असतास. ते मला बघवलं नसतं.”

“आणि हे बघवलं?”

मी त्याला विचारले, की निदान रोगणाचे काम माझ्याकडे कशाला दिले. बाजारात कोणीही रंगारी सांगू शकला असता. तो म्हणाला, माझ्याइतके ते कोणाला कळते. आणि मग जे बोलायला नको होते ते बोलला. “तू त्यात रमला होतास, सुभेदार. किती दिवसांनी तुझा चेहरा तसा बघितला. मला वाटलं, दसऱ्यापर्यंत तरी...”

स्वयंपाकघरात गडबड असली, की लहान मुलाला कणकेचा एक गोळा देऊन बाहेर बसवतात. मूल त्याची पोळी लाटते, चिमणी करते, सगळ्यांना दाखवते, आणि सगळे वा वा म्हणतात. पडवीत मांडलेले माझे तुकडे मला डोळ्यांसमोर दिसले, आणि त्यांवर नख ओढून पाहणारा तो.

मी उठलो. पायरीवरून खाली उतरण्यापूर्वी म्हणालो, “जेवणाच्या टेबलाला जवसाचं तेल चालणार नाही. पॉलियुरेथेन दे, मॅट. पाय कापल्यावर कापलेल्या टोकांना आधी तेच पाज, नाहीतर रोज फरशी धुतलीस की पाणी शिरांमधून वर चढेल.”

“किती पुटं?” त्याने विचारले.

सवयीनेच विचारले असावे. आणि मीही सवयीने उत्तर दिले: पहिले पातळ, वरची दोन जाड, प्रत्येकाच्या मधे बारीक सँडपेपर. पन्नास वर्षे आम्ही एकमेकांना असेच प्रश्न विचारत आलो होतो. त्या संध्याकाळी मला ते उत्तर द्यायचे नव्हते, पण चुकीचे उत्तर देता आले नाही, आणि गप्पही राहता आले नाही.

शकुंतलाबाईंना मी त्या रात्री जेवताना सांगितले. “मी म्हटलं होतं” असे त्या म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, की अंबुजा गेल्या महिन्यात देवळात भेटली, तेव्हा फारच गोड बोलत होती. दुसऱ्या दिवशी मी पॉलिटेक्निकला फोन केला. प्राचार्य सज्जन माणूस. त्यांनी आधी माझ्या प्रकृतीची चौकशी केली, मग सांगितले, की जागेवर दुसरे गृहस्थ आले आहेत, वर्ग सुरूही झाला आहे, आणि चांगला चालला आहे. मी चौकशीपुरताच फोन केला होता, असे म्हणालो.

दसरा जवळ आला. आयुधपूजेच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली आणि त्यातून कृष्णमूर्ती उतरला. तो पडवीतच उभा राहिला, मी बस म्हटले नाही. व्हाइस निघत नव्हता. तीन नट सुटले होते, चौथ्यावर व्यासराजाने ढिला पान्हा लावून जोर केला, त्यामुळे नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला होता. आता पान्हा धरतच नव्हता. व्यासराजाने छिन्नी लावून तो तोडायचे म्हटले होते.

“छिन्नी लावली तर फळी फाटेल,” मी म्हणालो.

“म्हणूनच आलो.”

आतून शकुंतलाबाईंचा आवाज आला, “आता तरी नाही म्हणा.” त्यांचे बरोबर होते. परंतु ती फळी मी एच. डी. कोट्याला स्वतः उलटीपालटी करून, ठोकून, आवाज ऐकून निवडली होती. ती कोणाच्या अडाणीपणाने फाटावी, हे मला मान्य नव्हते. मी माझी कानस आणि पान्हा घेतला आणि रिक्षात बसलो.

गोल झालेला नट सोडवण्याचा एकच नीट मार्ग आहे. त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानसीने पुन्हा सपाट करायच्या, म्हणजे पान्ह्याला धरायला जागा मिळते. आमच्या वर्गातला पहिला धडाच सपाट बाजू काढण्याचा असे. मी चटई टाकून बेंचखाली पाठीवर झोपलो आणि कानस चालवू लागलो. लोखंडाचा किस चेहऱ्यावर पडत होता. हे काम एकट्याचे नसते. खालून नट फिरवताना वरून बोल्टचे डोके कोणीतरी घट्ट धरून ठेवावे लागते, नाहीतर नटाबरोबर बोल्टही फिरतो. कृष्णमूर्ती वर उभा होता. मला फक्त त्याचे पाय दिसत होते.

बाजू सपाट झाल्या. मी पान्हा लावला. “धरा,” मी म्हणालो.

वरून काहीच हालचाल झाली नाही.

“धरा. बोल्ट फिरतोय.”

“धरलाय,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत मी त्याला कधी ‘तुम्ही’ म्हटले नव्हते.

नट पहिल्यांदा कुरकुरला, मग सुटला. मी बाहेर आलो. दोघांनी दोन बाजूंनी धरून व्हाइस उचलला आणि जमिनीवर ठेवला. तो पूर्वीपेक्षा जड लागला, किंवा आम्ही म्हातारे झालो होतो. बेंचवर त्याच्या जागी चार भोके आणि लाकडाचा मूळचा तांबूस रंग उघडा पडला होता. भोकांत त्याच लाकडाच्या खुंट्या सरस लावून ठोकाव्यात, मग रोगण द्यावे, असे मी सांगितले. व्यासराज दारात उभा होता. तो ‘थँक्स अंकल’ म्हणाला. त्याच्यावर माझा राग नव्हता. त्याने मला कसलाच शब्द दिलेला नव्हता.

“व्हाइस तू घेऊन जा,” कृष्णमूर्ती म्हणाला.

“घरी कशाला लावू? पॉलिटेक्निकला पाठवा. तिथे शनिवारी वर्ग घेतात, त्यांना उपयोगी पडेल.”

त्याने मान हलवली. मी कानस पुसून पिशवीत ठेवली. फाटकापर्यंत तो माझ्यामागे आला. अंबुजा खिडकीत उभी होती, पण बाहेर आली नाही.

“विजयादशमीला पहिली पंगत,” तो म्हणाला. “पहिल्या पानावर तू बसावंस, असं अंबुजा म्हणते. मी पण म्हणतो.”

“वार कोणता येतो?”

“शनिवार.”

“त्या दिवशी मला जमणार नाही,” मी म्हणालो.

त्या दिवशी मला दुसरे कोणतेही काम नव्हते, आणि हे त्याला माहीत होते. त्याने पुन्हा विचारले नाही. मी कोपऱ्यापर्यंत चालत गेलो आणि नजरबादची बस येईपर्यंत तेथे उभा राहिलो.